ताईच्या डोंग्याची पाठवणी

नाटकाच्या पडद्याचं शीड लावून नदीत उतरलेला डोंगा मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्यात मी स्वतः बसले होते. शिडावर राजवाडा रंगवलेला होता. दोन जाड खांब, मधोमध कारंजं, डाव्या बाजूला एक मोर. मोराची मान शिलाईत गेली होती, त्यामुळे तो बिनमानेचाच वैनगंगेवरून चालला होता.

डोंगा ताईचा होता. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आमचं गाव गोंडपिपरीकडचं, वैनगंगेच्या काठावरचं. ताईला दिलं आहे प्राणहितेवर, म्हणजे वर्धा आणि वैनगंगा जिथं एक होतात तिथून बरंच खाली. रस्त्यानं जायचं तर एसटी बदलत बदलत दिवस जातो आणि कंबर दुखते. नदीला मात्र काही बदलावं लागत नाही, ती आमच्या घाटावरून निघते आणि ताईच्या घाटावरून जाते. दोन्ही गावं मासेमारांची. बाबा मासे धरतात, थोडं धान करतात, आणि जमेल तसे डोंगे बांधतात.

ताईच्या गावाजवळ नदीत एक मोठा डोह आहे. पावसाळ्यानंतर पाणी उतरलं की मासा त्या डोहात गोळा होतो. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि रात्रभर नाटक. ताईच्या गावची मंडई झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथली जुनी माणसं डोहातल्या जागा वाटून देतात. रीत फार जुनी आहे. डोंगराआडून ऊन डोहावर येईल तेव्हा ज्या घरचा डोंगा पाण्यात असेल आणि घरचं माणूस वल्ह्यावर असेल, त्या घराला जागा. ज्याचा नसेल त्यानं पुढच्या मंडईपर्यंत दुसऱ्याच्या डोंग्यात बसून जाळं ओढायचं.

ताई गेली काही वर्षं तेच करत होती. भाऊजी कोरपन्याकडे एका सिमेंट कारखान्यात कंत्राटावर असतात, महिन्यातून एखाद्या वेळी घरी येतात. ताई दिराच्या डोंग्यात जायची. जाळं ती बरोबरीनं ओढायची, घरी मासा मात्र दीर देईल तेवढाच यायचा. यंदा तिनं घरात सांगितलं, मी माझा डोंगा उतरवणार. दीर हसला म्हणे. "आपल्यात लग्न झालेली बाई वल्हं धरत नाई, वहिनी. अन् पयले डोंगा आण तर खरा, मग पाहू." ताईनं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं आणि बाबांना फोन लावला.

माझ्या बाजूनंही सांगायला हवं. आठवीपासूनची शाळा आमच्या गावाला पलीकडच्या काठावर होती. ताई सातवीनंतर घरी थांबली होती. रोज सकाळी तीच मला डोंग्यात घालून पलीकडे सोडायची आणि संध्याकाळी घ्यायला यायची. पुरात, धुक्यात, तापात. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे आणि तिथवर मला वल्हवत नेलं आहे ताईनं. आता मी ऊर्जानगरजवळच्या एका शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर अंगणात उलट्या डोंग्याला डांबराचा शेवटचा हात चालला होता. बाबांनी मान वर न करता विचारलं, "येतं का डोंगा पोचवाले?" मी खांद्यावरची बॅग खाली ठेवायच्या आधीच हो म्हणाले.

नवा डोंगा आमच्याकडे चाकावर नेत नाहीत. ट्रॅक्टरवर टाकून खड्ड्यांतून नेला तर फळ्यांचे सांधे उलतात, हे एक कारण. दुसरं कारण बाबांचं. मुलीसाठी बांधलेला डोंगा मुलीसारखाच पाठवायचा. हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, ओटीत तांदूळ घालायचे, आणि एकदा आपला घाट सुटला की तिच्या घाटापर्यंत दुसऱ्या कोणत्याच काठाला त्याला टेकू द्यायचं नाही.

"नवरी वाटेत दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसते का?" बाबा म्हणाले.

"पाणी प्याले थांबते," माय म्हणाली.

"हा पाण्यातच आहे. त्याले काऊन थांबा लागते?"

शीड ही मायची कल्पना. कार्तिकात नदी सुस्त होते, नुसत्या प्रवाहावर आणि वल्ह्यावर वेळेत पोचणं कठीण होतं, कारण डांबर वाळायला उशीर झाला होता आणि मंडई उद्यावर आली होती. मायचे वडील शिडाच्या नावेनं आंबे आणि मडकी बाजारोबाजार न्यायचे. रस्ते झाले आणि ती नाव गेली. पण लहानपणी मायनं ते शीड शिवताना पाहिलं होतं. या दिवसांत वारा उत्तरेकडून येतो आणि आपल्याला जायचं दक्षिणेला, मग हात कशाला दुखवायचे, असा तिचा साधा हिशोब होता. गावातल्या नाटक मंडळानं नवे पडदे आणले होते, जुना राजवाडा देवळात गुंडाळून पडला होता. माय तो मागून घेऊन आली, मशीनवर त्याच्या कडा दुमडल्या, वर आडवा बांबू ओवला आणि खालच्या दोन कोपऱ्यांना दोऱ्या लावल्या.

बाबांनी शीड पाहिलं आणि म्हणाले, "हे पाहून मासे तिकीट मागतीन."

सकाळी गाव घाटावर होतं. बायांनी डोंग्याची ओटी भरली. बाबा मागे सुकाणूच्या वल्ह्यावर बसले, मी पुढे बांबूच्या डोलकाठीजवळ दोऱ्या धरून, आणि माय मध्ये, करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन. लग्न झालेली बाई डोंग्यात मध्ये बसते, वल्ह्याला हात लावत नाही. आमच्या गावातही तीच रीत. माय नावाड्याची मुलगी, पण लग्न होऊन आली त्या दिवसापासून मधल्या फळीवर बसत आली होती.

पहिला थोडा वेळ काहीच झालं नाही. शीड ओल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. काठावरची पोरं हसली. मग घाटाचं वळण सुटलं, झाडांची आड गेली, आणि माझ्या पाठीमागून कोणीतरी थंड हात ठेवावा तसा वारा आला. पडदा एकदम फुगला. खांब वाकले, कारंजं पोटुशी बाईसारखं पुढे आलं. दोऱ्यांनी माझे हात असे ओढले की मी फळीवरून अर्धी उठलेच. डोंग्यानं नाक थोडं खाली केलं आणि तो निघाला. वल्ह्याचा आवाज नाही, इंजिनाचा नाही, फक्त पुढच्या टोकाखाली पाणी फाटल्याचा सर्र आवाज. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शिक्षिका होऊन मला बरेच दिवस झाले होते आणि एवढ्या मोठ्यानं मी फक्त वर्गावर ओरडत असे.

"बाप्पा!" बाबा म्हणाले. त्यांच्या हातातलं वल्हं थरथरत होतं. "हे तं पयते!"

"मी सांगून राह्यली होती," माय म्हणाली आणि तिनं डब्यातली एक करंजी काढून खाल्ली.

मग सुरू झालं लोकांचं. धुणं धुणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. म्हशी धुणारा एक माणूस गळ्याएवढ्या पाण्यातून हाक मारू लागला, "ओ भाऊ! नाटक कुठी आहे?"

"खाली, प्राणहितेले!" बाबांनी उत्तर दिलं.

"तिकीट केवढ्याचं?"

"पोहत आला तं फुकट!"

"अन् हिरवीन कोन आहे?"

बाबांनी मान वळवून मायकडे पाहिलं. मायनं पदर सारखा केला. "सांगा ना त्याले," ती म्हणाली, "हिरवीन करंज्या खाऊन राह्यली म्हनून."

शीड कसं चालतं हे आम्हा तिघांपैकी कोणालाच पुरतं माहीत नव्हतं. मायला शिवणं आठवत होतं, चालवताना ती लहान असल्यामुळे आंब्यांच्या ढिगावर झोपलेली असे. त्यामुळे शिकणं वाटेतच झालं. एक दोरी जास्त ओढली की डोंगा तिरपा होऊन काठाकडे धावे आणि बाबा घाबरून ओरडत, "काठ! काठ! टेकू देऊ नको!" दोन्ही दोऱ्या सोडल्या की राजवाडा झेंड्यासारखा फडफडे आणि आम्ही जागच्या जागी. जिथं नदी पूर्वेला वळे तिथं वारा कुशीत येई आणि वल्ही मारावी लागत. माय मध्ये बसून सांगत होती. "अजी, थोडं उजवीकडे. आता सोड पोरी, डावी सोड. सोड मनते ना!"

"डोंगा तू चालवते का मी?" बाबांनी विचारलं.

"तुमीच चालवा ना. मी मधात बसून आहो. तोंडाले तं रीत नाई."

दुपार उतरताना आम्ही संगमाला आलो. वर्धा उजवीकडून येऊन मिळते. बराच वेळ दोन पाणी शेजारी शेजारी चालतात, एक गढूळ आणि एक हिरवट, मग कधी मिसळतात ते कळत नाही. तिथून नदी प्राणहिता होते आणि एवढी रुंद होते की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. उजवा काठ तेलंगणाचा, तिकडून कुठल्यातरी देवळातलं तेलुगू गाणं पाण्यावरून येत होतं. डावीकडे आपला काठ, डोंगर आणि सागवानाचं दाट जंगल. वाळूच्या बेटांवर चक्रवाकांच्या नारिंगी जोड्या बसल्या होत्या. आमचा राजवाडा जवळ आला की त्या रागावून उडत. रुंद पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नव्हतं. डोंगा असा सुटला की पाण्याचे शिंतोडे तोंडावर आले आणि मायनं करंज्यांचा डबा पदराखाली घेतला. बाबा हसत होते. बाबांना मी मनमोकळं हसताना फार कमी वेळा पाहिलं आहे. जाळ्यात मोठा मासा आला तरी ते हसत नाहीत, फक्त बिडी शोधतात.

फोनला जरा रेंज आली तेव्हा ताईचा फोन आला. मागे मंडईचा गोंगाट होता.

"कुठी आहा?"

"संगमाच्या खाली! ताई, डोंगा पळते! तुले दिसला पायजे होता!"

"दिसन ना सकाळी. ऐक, दीर सगळ्याईले सांगून राह्यला, डोंगा काई येत नाई म्हनून. मी म्हातारबाबाले विचारलं." म्हातारबाबा म्हणजे जागा वाटणाऱ्यांतले सगळ्यात वयस्कर. "तो म्हने, डोंगा पाण्यात असला अन् तू वल्ह्यावर असली तं जागा. बाई नको असं कुठी सांगतलं नाई. पन ऊन डोहावर आल्यावर आली तं मी काईच करू शकत नाई."

"येतो आम्ही," मी म्हणाले. मला पुढे पुष्कळ बोलायचं होतं, पण फोन कटला.

संध्याकाळी वारा पडला. ताईचं गाव आता एकाच वळणाच्या पलीकडे होतं, पण मधल्या पट्ट्यात खडक आहेत आणि अंधारात नव्या फळ्यांवर खडक घेणं बाबांना मंजूर नव्हतं. उजाडताच निघायचं ठरलं. प्रश्न थांबायचं कुठं एवढाच होता. डाव्या काठाला पाणी खोल होतं आणि एक मोठं अर्जुनाचं झाड पाण्यावर वाकलेलं होतं.

"त्या झाडाले बांधा," माय म्हणाली. "खाली भरपूर पानी आहे."

"काठ आहे तो."

"झाड आहे ते!"

"झाड काठावर आहे. टेकनं म्हनजे टेकनं. एवढ्या दूर न टेकता आनला, आता एका रात्रीसाठी काऊन रीत मोडू?"

खरं सांगायचं तर मलाही बाबांचंच पटत होतं. दिवसभराच्या त्या धावण्यानंतर ताईला सांगायला एक वाक्य आम्हा सगळ्यांना हवं होतं, की तुझा डोंगा कुठंच टेकला नाही. म्हणून नदीच्या मधोमध, काठापासून दूर, दोराला दगड बांधून टाकला. वल्हं घालून पाहिलं, छातीएवढं पाणी होतं. बाबा समाधानानं म्हणाले, "बस."

तांदळाची भाकर आणि झिंग्याची चटणी खाल्ली. अंधार पडल्यावर वळणापलीकडून मंडईच्या नाटकाचा भोंगा ऐकू येऊ लागला. पात्रांचे शब्द कळत नव्हते, पण कोण रागावलं आहे आणि कोण रडत आहे हे कळत होतं. खलनायक आला की माय म्हणायची, "हा आपला दीर." डोंगा हळू हळू डुलत होता, राजवाडा आम्ही पांघरला होता. मला वाटलं होतं झोप येणार नाही. लगेच आली.

जाग आली ती डोंगा डुलत नव्हता म्हणून.

उजाडत होतं. मी कडेवरून हात खाली सोडला आणि बोटांना ओली रेती लागली. आमच्या चारी बाजूंनी रेती होती. दगड बांधलेला दोर रेतीवर आडवा पडला होता, एखाद्या साध्या दोरासारखा. पावसाळा संपला की वर पाणी अडवायला कुठल्यातरी बंधाऱ्याचे दरवाजे टाकतात आणि नदी रातोरात उतरते. हे दरवर्षी होतं, बाबांना आणि मायला दोघांनाही माहीत होतं. पण कोणत्या दिवशी होईल हे नदीकाठी कोणाला आधी कळत नाही. ती रात्र तीच निघाली. काठाजवळचं ते अर्जुनाचं झाड अजूनही खोल पाण्यावर आरामात वाकलेलं होतं. नदीचा सगळा काठ टाळून आम्ही तिच्या पाठीच्या उंचवट्यावर मुक्काम केला होता.

माय झाडाकडे पाहत होती.

बाबा खाली उतरले, डोंग्याभोवती एक फेरी मारली, आणि हळूच विचारलं, "रेती म्हनजे काठ होते का?"

"अजी, ते मंग ठरवू!" माय ओरडली. "ऊन पहा!"

आम्ही उजव्या काठाकडे पाहिलं. सूर्य डाव्या बाजूच्या डोंगरामागे होता. त्याचं ऊन आधी समोरच्या, तेलंगणाच्या काठावरच्या ताडांच्या शेंड्यांना लागलं होतं. डोंगराची सावली जसजशी आखडेल तसतसं ते ऊन पाण्यावर उतरून नदी ओलांडत आमच्याकडे येणार होतं, आणि आमच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, ताईचा डोह होता. वळण जवळच होतं. रेतीवर उभं राहिलं की घाट दिसत होता, घाटावरची माणसं दिसत होती, पाण्यात रांगेनं उभे डोंगे दिसत होते.

मग काय झालं ते मला आजही धावतच आठवतं. डोंग्यापासून पाण्यापर्यंत रेतीचा एक पट्टा होता. मी परात घेतली, बाबांनी वल्हं घेतलं, आणि आम्ही डोंग्याच्या नाकापुढे चर खणायला लागलो. रेती काढली की पाणी भरायचं, पाणी भरलं की कडा कोसळायची. भांडी, कापडं, सगळं बाहेर फेकलं, दगडाचा दोर सोडला. माय उतरायला लागली तर बाबा म्हणाले, "तू बस! कोनीतरी शीड धरा लागते. वारा आला तं थोच ओढन." त्यांनी पांघरलेला राजवाडा झटक्यात पुन्हा डोलकाठीवर चढवला आणि माय मध्येच बसून राहिली, दोन्ही हातांत दोन दोऱ्या घेऊन. ताडांवरचं ऊन बुंध्यांपर्यंत आलं. मग ते पाण्यावर उतरलं.

आणि वारा आला. मोराचं पोट फुगलं. बाबांनी आणि मी डोंग्याच्या मागच्या टोकाला खांदे लावले. "हैस्सा!" बाबा ओरडले. डोंगा हातभर सरकला. "हैस्सा!" आणखी हातभर. माय ओरडत होती, "ओढून राह्यला! ओढून राह्यला!" तिसऱ्या धक्क्याला माझे पाय गुडघ्यापर्यंत रेतीत गेले, खांद्यावरचं वजन एकदम नाहीसं झालं आणि मी तोंडावर पाण्यात पडले. उठून पाहिलं तर बाबाही शेजारी पाण्यात बसलेले. डोंगा पुढे निघाला होता. राजवाडा पूर्ण फुगलेला, मधल्या फळीवर माय, आणि मागे सुकाणूवर कोणीच नाही.

"अवो!" बाबांनी हाक मारली. "थांबव!"

"कसा थांबवू?" पाण्यावरून उत्तर आलं.

क्षणभर डोंगा आडवा झाला, खडकांच्या दिशेनं वळला. मग मी पाहिलं, माय उठली. दोन्ही दोऱ्या तिनं डोलकाठीला गुंडाळल्या, लुगड्याचा काष्टा खोचला, मधली फळी ओलांडली आणि मागे जाऊन सुकाणूचं वल्हं बगलेत धरलं. डोंग्यानं नाक सरळ केलं. एका खडकाला त्यानं असा वळसा घातला की बाबा पाण्यातून उठून उभेच राहिले. मी रेतीच्या टोकापर्यंत पळत गेले आणि ओल्या कपड्यांत उड्या मारत ओरडत राहिले, "माय! माय! माय!"

ऊन आता आमच्या रेतीवर आलं होतं. माझ्या पायांना ते लागलं. पुढे डोहापर्यंत सावलीचा एवढाच पट्टा उरला होता आणि त्या पट्ट्यात माय चालली होती.

घाटावरची माणसं उभी राहिली. मंडईचं नाटक पहाटे संपलं होतं, गाव जागंच होतं, आणि डोंगराच्या सावलीतून त्यांच्यासमोर एक राजवाडा येत होता. हलकल्लोळ इथपर्यंत ऐकू आला. माय सरळ घाटाकडे गेली, घाटाजवळ आली, आणि घाटावरून पुढे गेली. दोऱ्या डोलकाठीला इतक्या गच्च बसल्या होत्या की शीड उतरेना.

"गेली!" बाबा मटकन खाली बसले. "खाली सिरोंच्याले पोचते आता."

तेवढ्यात घाटावरून कोणीतरी पाण्यात उडी घेतली. हिरवी साडी. एवढ्या दुरूनही ते पोहणं मी ओळखलं. असे लांब हात आमच्याकडे फक्त ताई मारते. ती डोहाच्या कडेला तिरकी गेली, डोंगा तिच्या अंगावर येत होता. एक हात कडेवर पडला, दुसरा पडला, डोंगा तिच्या बाजूला कलला, आणि ताई आत. तिनं कशानंतरी दोरी कापली असावी, कारण राजवाडा एकदम कोसळला आणि माय त्याच्याखाली गुडुप झाली. डोंगा डोहाच्या मध्यावर थांबला. ताई मागे गेली, वल्हं घेतलं आणि उभी राहिली. मग ऊन डोहावर आलं.

बाबा आणि मी पोहून काठाला लागलो आणि धावत घाटावर पोचलो तेव्हा वाद रंगात आला होता. ताई आणि माय अजून पाण्यातच होत्या. ताईनं डोंगा काठाला आणलाच नव्हता, डोहात उभा धरून ती काठावरच्या लोकांचं ऐकत होती. दीर म्हातारबाबांसमोर हात हलवत होता.

"डोंगा घाटाले लागलाच नाई! घाटाले न लागता जागा कशी काय?"

म्हातारबाबांनी बिडी विझवली. "रीत काय आहे? डोंगा पाण्यात पायजे. काठावर तं माह्या म्हशी भी उभ्या आहेत. त्याईले देऊ का जागा?"

लोक हसले. दीरही हसला, जरा उशिरानं. पण तो सोडायला तयार नव्हता. "अन् वल्ह्यावर बाई..."

"वल्ह्यावर घरचं मानूस पायजे. तुह्या घरची आहे ना ते? का नाई म्हनतं?" म्हातारबाबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

दीर खाली पाहत म्हणाला, "आहे."

"मंग झालं." म्हातारबाबांनी एका माणसाकडे बांबूची खुंटी दिली. तो आपल्या डोंग्यातून डोहात गेला आणि उत्तरेच्या बाजूला, जिथं पाणी खडकाखाली वळतं तिथं, ती ठोकून आला. जागा चांगली होती. फार चांगली नव्हती, पण तिची होती.

बाबा अजून अस्वस्थ होते. ते म्हातारबाबांजवळ गेले आणि प्रामाणिकपणे सांगून मोकळे झाले की डोंगा रात्री रेतीवर बसला होता, टेकला म्हणायचा की नाही.

म्हातारबाबांनी विचार केला. "तुमी टेकवला का पानी निंगून गेलं?"

"पानी निंगून गेलं."

"मंग नवरी कुठी उतरली? नदीच उठून गेली ना तिच्या खालून."

बाबांच्या चेहऱ्यावर मंडई भरली.

मी पाण्यात छातीपर्यंत गेले आणि ताईला हाका मारू लागले. मला तिला सगळं सांगायचं होतं, शिंतोडे, चक्रवाक, म्हशीवाला, संगमाचे दोन रंग. ताईनं एकदा हात वर केला. मायनं पडद्याखालून तोंड काढलं होतं आणि ती डब्यात काही उरलं आहे का ते पाहत होती. दिराच्या डोंग्यातून ताईचं जाळं कोणीतरी तिच्याकडे फेकलं. तिनं ते झेललं, खांद्यावर घेतलं, गाठी चाचपल्या आणि मायला काहीतरी म्हणाली. माय मागे सुकाणूवर जाऊन बसली. इतक्या लोकांसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"ताई!" मी पुन्हा ओरडले.

"थांब ना गं," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मासा भेईल." आणि दोघी खुंटीच्या दिशेनं निघाल्या.